क्लोरीन, लाल खुणेपर्यंत

फ्लॉसी तुस्कानोला स्वस्थ बसलेली पाहिली असं उमेळे गावात कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. बाई उभ्या उभ्या जेवायची, चालता चालता केस विंचरायची, आणि नवऱ्याशी भांडायचं झालं तर तेही अंगण झाडता झाडता. नवरा सॅमी शाळामास्तर, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणायचा, "बाप्तिस्म्याला फादरनी हिच्या डोक्यावर पाण्याऐवजी उकळता चहा ओतला असणार." ती हसायची, पण हसणं पुरं व्हायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेली असायची.

नोकरी तिने धरली होती वसई पूर्वेच्या एका कागद मिलमध्ये, केमिस्टची. देशावरून उसाचं चिपाड यायचं, आसपासच्या गावांतून भाताचा पेंढा यायचा. तो सगळा माल कॉस्टिक सोड्यात शिजवला की तपकिरी लगदा व्हायचा आणि तो लगदा पांढरा करायला क्लोरीन लागायचा. त्यातून शाळेच्या वह्यांचा कागद. वही कशी पांढरीधोप हवी, नाहीतर दुकानदार हात लावत नाही. पण वही पांढरी झाली की नाला काढ्यासारखा काळपट व्हायचा आणि रेल्वेखालून मिठागरांच्या बाजूने खाडीला जाऊन मिळायचा. ज्यांची घरं नाल्याकाठी होती ते मिलला आणि मिलच्या माणसांना एकाच दमात शिव्या घालायचे.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेला फ्लॉसी बाकाशी आली की शेजारच्या बाया जरा सरकायच्या. त्यांना वाटायचं, हिला कळत नाही. तिला चांगलं कळायचं. केस कितीही धुतले तरी क्लोरीनचा तो झोंबरा वास निघत नसे. एकदा मार्गारेट नावाच्या बाईने तर सरळ रुमालच नाकाला लावला, तोही एकमेकांना शांतीचा हात देताना. फ्लॉसीला त्या दिवशी प्रवचनातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. हे असंच चालायचं नाही, काहीतरी केलंच पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत राहिलं.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. त्या वर्षी प्रदूषण मंडळाचे साहेब येऊन नाल्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले आणि मिलमालक रमेशशेठच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी सुधारा, नाहीतर टाळं. त्यात शेठचा मुलगा हर्षवर्धन घरी रोज एकच टुमणं लावून बसलेला, की बाबा, कागद कसला करताय, जागा विका. पलीकडे एव्हरशाईन सिटीच्या इमारतींवर इमारती चढत होत्या, आणि मिलच्या जागेवर बिल्डरांचा डोळा होताच. एक बिल्डर तर मिलच्या आवारात येऊन पावलं टाकून जागा मोजून गेला होता, जणू कामगार म्हणजे बुजगावणी.

अशा वेळी फ्लॉसीने एन्झाइमचं नाव काढलं. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येऊन माहिती देऊन गेला होता. शिजलेला लगदा क्लोरीनमध्ये घालायच्या आधी त्यात थोडंसं एन्झाइम मिसळायचं, दोनेक तास कोमट ठेवायचं आणि मगच क्लोरीन द्यायचा. क्लोरीन बराच कमी लागतो, नाल्याचा रंग उतरतो, वर खर्चही वाचतो. शेठने सगळं ऐकून घेतलं, टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "बाई, एक ट्रायल घ्या. जमलं तर मिल चालवतो. नाही जमलं तर मुलाचं ऐकतो. मी पण थकलोय आता."

आता ब्लीचिंग सेक्शन म्हणजे गॅब्रिएल फरगोजचं राज्य. गॅब्रिएलकाका फ्लॉसीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला तिला हातावर धरलं ते याच माणसाने, लग्नात तिच्या बापापेक्षा जास्त रडला तोही हाच, आणि मिलमध्ये तिच्यासाठी शब्द टाकला तोही यानेच. मिल उभी राहिली तेव्हापासून तो क्लोरीनच्या व्हॉल्व्हपाशी उभा. नळीतून किती क्लोरीन जातो ते दाखवणारी काच कधीच आंधळी झाली होती. पण काकाला काच लागायचीच नाही. तो टाकीतला मूठभर लगदा काढायचा, पिळायचा, तळहातावर थापायचा, उजेडाकडे तोंड करून डोळे बारीक करायचा, आणि मग व्हॉल्व्हचं चाक जरा इकडे, जरा तिकडे. त्याचा शब्द साधा होता. रंग दिसला की क्लोरीन, रंग गेला की बंद. खोकला त्याला जन्माचा चिकटलेला. विचारलं की म्हणायचा, "ते क्लोरीनचं नाय, विडीचं." विडी सोडूनही त्याला काळ लोटला होता.

ट्रायलच्या दिवशी फ्लॉसीच्या पायाला भिंगरीच लागली होती. लगद्यातला कॉस्टिकचा क्षार उतरवायला ॲसिड किती घालायचं ते पाहायला ती टाकीपाशी, वाफ फार गरम होत नाही ना ते पाहायला बॉयलरपाशी, तिथून लॅबमध्ये, तिथून पुन्हा टाकीवर. पुण्याहून आलेल्या कॅनमधलं ते तपकिरी एन्झाइम तिने स्वतःच्या हाताने ओतलं. शिळ्या काकवीसारखा त्याचा वास. कामगार लांबून माना उंचावून पाहत होते, कुणीतरी म्हणालं, "त्यात किडे असतात म्हणे, लगदा खातात." फ्लॉसी नुसती "नाही रे" म्हणाली आणि पुढे गेली.

गॅब्रिएलकाकालाही तिने समजावलं ते असंच, जिना चढता चढता. व्हॉल्व्हवर तिने लाल रंगाची खूण केली होती. "काका, दोन तासांनी क्लोरीन सोडायचा, पण चाक ह्या लाल खुणेपर्यंतच. पुढे नाही. समजलं ना?"

"समजलं ना, बाय. लाल खुनेपर्यंत."

"मी आलेच लॅबमधून."

दोन तास भरले तेव्हा ती मशीनपाशी कुणाला तरी ओरडत होती. ती परत टाकीवर आली तेव्हा क्लोरीन सुरू होता, चाक बरोबर लाल खुणेवर, आणि काका हाताची घडी घालून उभा. तिला बरं वाटलं. ती पुन्हा पळाली.

कागद निघाला तो असा पांढरा, की शेठने चष्मा काढून पुसून पुन्हा घातला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. फ्लॉसीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती उगाचच कुठल्याशा पाइपकडे बघत राहिली. पण हा आनंद जेमतेम दुपारच्या चहापर्यंत टिकला. आधी मशीनवर कागद तुटायला लागला. एकदा, दोनदा, मग सारखाच. मशीनवाले घामाघूम झाले. मग क्लोरीनचा मोठा सिलिंडर, ज्याला मिलमध्ये टनर म्हणत, तो वजनकाट्यावर पाहिला. नेहमीइतकाच क्लोरीन गेला होता. एक थेंबही कमी नाही.

"म्हणजे एन्झाइमचे पैसे वर गेले, क्लोरीन तेवढाच गेला, आणि कागद पापडासारखा तुटतोय," शेठ म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर फ्लॉसीला बरं वाटलं असतं. ते नुसते केबिनमध्ये गेले आणि हर्षवर्धनला फोन लावला.

फ्लॉसीने त्या पांढऱ्याधोप कागदाचा एक ताव घेतला आणि घडी घातली. घडीवर कागद कट्कन तुटला. तिने दुसरी घडी घातली, तीही तुटली. असा कागद तिला ओळखीचा होता. लगद्याला झेपेल त्याहून जास्त क्लोरीन दिला की धागेच जळतात, मग कागद दिसायला देखणा आणि अंगात जीव नाही. याचा अर्थ एन्झाइमने आपलं काम चोख केलं होतं. लगदा थोडक्या क्लोरीनमध्ये पांढरा व्हायला तयार झाला होता, आणि त्यावर कुणीतरी जुन्या मापाने भरभरून क्लोरीन सोडला होता. आणि व्हॉल्व्हपाशी तर एकच माणूस होता.

काका कॅन्टीनमागे हात धूत होता. फ्लॉसीने काही विचारायच्या आतच तो हसला. "झाला ना पांढरा? मी म्हटलं होतं ना, तुझी मान खाली जाऊ द्यायचा नाय."

"काका, चाक खुणेपुढे उघडलंत तुम्ही?"

"मग काय करू? दोन तास झाले, मूठ काढून बघितली, लगदा तसाच! जसा होता तसाच तपकिरी. काय पन फरक नाय. ते औषध फुकट गेलं, बाय. शेठ वर उभा, तू तिकडे पळत होतीस. मी म्हटलं, आपल्या पोरीची फजिती नको. उघडला जरा. मग तुझी चाहूल लागली तसा आनला परत खुनेवर." त्याने ओले हात पँटला पुसले. त्याच्या चेहऱ्यावर चोरी केल्याची खूण नव्हती. लेकीचं संकट आपण निस्तरलं याचं समाधान होतं.

फ्लॉसीला त्याचा इतका राग आला की तिला तिथे उभं राहवेना. ती तरातरा नाल्यापर्यंत चालत गेली. नाला तसाच काळा, तसाच उग्र. तिथे उभी असताना मात्र तिचा राग हळूहळू वळला आणि तिच्यावरच आला. एन्झाइम दिल्यावर लगद्याचा रंग बदलत नाही, तो तसाच तपकिरी दिसतो, हे काकाला कुणी सांगितलं होतं? तिने? जिना चढताना, खुणेपर्यंत म्हणे, समजलं ना म्हणे, आणि पळाली. आयुष्यभर जो माणूस रंग बघून हात हलवत आला, त्याला तिने रंगाबद्दलच काही सांगितलं नव्हतं.

ती तशीच शेठच्या केबिनमध्ये शिरली.

"शेठ, चूक माझी झाली. एन्झाइम चाललं होतं. क्लोरीन जास्त दिला गेला."

"कुणी दिला?"

आता खरं नाव सांगायचं, तर काकाला रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेले. शेठने त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढला असता, आणि गावात लोक म्हणाले असते, फ्लॉसीने आपल्या धर्मपित्याच्या पोटावर पाय दिला. नाव नाही सांगायचं, तर पुन्हा ट्रायल मिळणं कठीण. "माझ्या सांगण्यात चूक झाली," ती म्हणाली. आणि हे खोटं नव्हतं. "अजून एक ट्रायल द्या. यावेळी नाही जमलं तर मीच लिहून देते की एन्झाइम कामाचं नाही. मग जागा विका, मिल पाडा, काय हवं ते करा."

शेठने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देतो. पण व्हॉल्व्हला कुलूप घाला आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. मला त्या बाजूला कुणाचा हात नको." त्यांना बहुधा सगळं कळलं होतं.

फ्लॉसीने साखळी आणली, कुलूप आणलं, आणि दुसऱ्या ट्रायलच्या सकाळी काका यायच्या आत चाकाला घालूनही टाकलं. काका आला, चाकापाशी गेला, साखळीवर बोट फिरवलं. त्याने डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली आणि भिंतीकडेच्या लाकडी खोक्यावर जाऊन बसला, जसा एखादा पाहुणा बसतो. आजूबाजूच्या कामगारांनी नजरा फिरवल्या. त्या बसण्यात असं काही होतं की फ्लॉसीचं काळीज हललं. या माणसाने तिला हातावर धरलं होतं, आणि आज तिने त्याच्या हातालाच साखळी घातली होती.

तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि साखळी कोपऱ्यात भिरकावली.

"काका, उठा. तुम्हीच सोडायचा क्लोरीन. पण आज मी कुठेही जाणार नाही, आणि आज तुम्हाला नीट सांगणार आहे."

"सांगून काय होतं? मला काय कळतं तुमचं?"

"करपलेलं पातेलं तुम्ही बायोला कधी भिजत घालताना पाहिलंय?" बायो म्हणजे काकाची बायको.

"रोज करपवते ती."

"मग? रात्रभर भिजलं तरी सकाळी काळंच दिसतं ना? पण हात लावला की खरवड सुटून येते. मग काथ्या कमी लागतो, जोर कमी लागतो. हे एन्झाइम म्हणजे भिजवणं आहे, काका. घासणं नाही. लगदा काळाच दिसणार. दोन तासांनी दिसणार, एवढ्या थोड्या क्लोरीनने पिवळटच दिसणार, कॉस्टिकने धुतल्याशिवाय त्याचं काही दिसणारच नाही. तोवर हात आवरायचा."

काका उठून चाकापाशी आला. त्याला पटलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळेना.

ते दोन तास म्हणजे फ्लॉसीला शिक्षाच होती. तिला बॉयलर बघायचा होता, ॲसिड बघायचं होतं, लॅब बघायची होती. पाय नुसते शिवशिवत होते. ती माणसं पाठवून निरोप मागवत राहिली, नखं कुरतडत राहिली, पण जागची हलली नाही. काकाची दुसरीच तऱ्हा. तो मूठ काढायचा, पिळायचा, बघायचा आणि चाकाकडे बघायचा. त्याचा हात आपसूक उठायचा आणि तोच तो हात खाली ओढायचा. खोकला आला की दोघंही दचकायची.

"तपकिरीच आहे," तो म्हणाला.

"असू दे."

मग क्लोरीन सोडला. चाक लाल खुणेवर आलं, थांबलं. काका वाकून टाकीत बघत होता आणि त्याच्या मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या. "जरासा? एवढासाच?"

"नाही, काका."

"जायचं ना मग सगळं! मिल जायची, पोरांच्या नोकऱ्या जायच्या!" तो एकदम ओरडला. "तुला दिसत नाय काय, हे पांढरं होत नाय!"

फ्लॉसीलाही दिसत होतं. तीही घाबरली होती, आणि तिला एका क्षणी खरंच वाटलं की काकाचंच खरं, उघडावा जरासा, काय हरकत आहे. तिने काकाचा चाकावरचा हात आपल्या हाताने दाबून धरला. तशीच दोघं उभी राहिली, वेळ भरेपर्यंत. मग काकाने चाक बंद केलं.

कॉस्टिकच्या धुण्यात सगळी घाण उतरली. शेवटच्या हौदातून लगदा बाहेर आला तेव्हा तो दह्यासारखा पांढरा होता. मशीनवर कागद चढला आणि संध्याकाळपर्यंत तुटला नाही. शेठ स्वतः टनरच्या काट्यापाशी जाऊन उभे राहिले, काटा पाहिला, वाकून पुन्हा पाहिला. नेहमीपेक्षा पाचवा हिस्सा क्लोरीन कमी गेला होता, तेवढा टनरमध्ये उरला होता. "हर्षवर्धनला सांगतो, बिल्डरला नाही म्हण," ते म्हणाले आणि कधी नव्हे ते त्यांनी सगळ्यांसाठी भजी मागवली. मशीनवाल्यांनी आरडाओरडा केला. कुणीतरी फ्लॉसीच्या हातात भज्यांचा कागद कोंबला.

ती भजी घेऊन काकाला शोधत मागच्या बाजूला गेली. काका नाल्याच्या कठड्याला टेकून उभा होता. पाणी अजून काळपटच होतं, पण तिच्या डोळ्यांना ते कालच्यापेक्षा फिकं वाटलं. तिने भजी पुढे केली. त्याने घेतली नाहीत.

"फ्लॉसे, एक सांग," तो म्हणाला. "तो जो उरला ना टनरमध्ये, तेवढा मी रोजच जास्त ओतत होतो?"

"तेव्हा हे एन्झाइम नव्हतं, काका. तेव्हा तो लागतच होता."

"तेव्हाचं सोड. मी खूप वेळा चाक जरा पुढेच सोडायचो. रंग दिसला की भीती वाटायची. म्हनायचो, थोडा जास्त गेला तर काय बिघडतं." त्याने नाल्याकडे हात केला. "अर्धा तो लगद्याला लागतच नव्हता. इथे जात होता. आनि हितं." त्याने छातीवर हात ठेवला आणि त्याला खोकल्याची ढास लागली, लांबच लांब, संपता न संपणारी.

फ्लॉसी त्याची पाठ चोळत राहिली. त्याला नाही म्हणावं, काका, तसं काही नाही म्हणावं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने लॅबमध्ये इतकी वर्षं काढली होती, जास्त गेलेल्या क्लोरीनचे आकडे तिनेच पाहिले होते, आणि तिनेही कधी जिना उतरून त्याला सांगितलं नव्हतं.

"हो, काका," ती म्हणाली. "जास्तच जात होता."

काकाने मान हलवली. खोकला थांबल्यावर त्याने डोळे पुसले, टोपी सारखी केली आणि विचारलं, "उद्याची पहिली टाकी किती वाजता लावायची?"